बाळंतिणीच्या खोलीतला लाल दिवा : एका वाड्याची तपासणी आणि तिची साधनं

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी असलेला हा दुमजली कौलारू वाडा. जागा ओळखू येऊ नये म्हणून गाव आणि मांडणीतले काही तपशील बदलले आहेत. मालक पुण्यात असतात. वाड्याचं होमस्टे करायचं ठरल्यावर त्यांनी माडीवरच्या तीन खोल्या आणि माजघरामागची एक खोली दुरुस्त करून घेतली. ही मागची खोली म्हणजे पूर्वीची बाळंतिणीची खोली. तिला खिडकी नाही, उंचावर एक झरोका आहे आणि भिंती अडीच फूट जाडीच्या आहेत. घरातल्या थोरल्या आत्या तिथे कोणाला झोपू देत नसत. का, असं विचारलं तर "आहे ते आहे" म्हणून विषय संपवत.

पाहुणे येऊ लागले तशा तक्रारीही येऊ लागल्या. रात्री माडीवर कोणी चालतंय. मध्यरात्रीनंतर, चूल-गॅस सगळं बंद असताना, भात शिजल्यासारखा वास येतो. मागच्या खोलीत दिवा मधेच मंद होतो आणि पाठीशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. दोन कुटुंबं भाड्याचे पैसे परत न मागता रात्रीतच निघून गेली. राखणदार काकांनी दिवेलागणीनंतर त्या बाजूला जाणंच सोडलं. शेवटी मालकांनी पुण्यातल्या पाच जणांच्या हौशी पथकाला जानेवारीत बोलावलं.

पथकाने आधी लेखी परवानगी घेतली, हे चांगलं झालं. उतारा, मंत्र, अंगारा यातलं काही करणार नाही आणि "भूत काढून देऊ" असं आश्वासन देणार नाही, हेही त्या कागदावर होतं. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर महाराष्ट्रात असा कागद जवळ असलेला बरा.

पहिली रात्र

पथकाकडे साधारण पस्तीस हजारांचा संच होता आणि तो टीव्हीवर दिसतो तसाच होता. के-टू मीटर (चुंबकीय क्षेत्र दिव्यांनी दाखवणारा), रेम पॉड, स्पिरिट बॉक्स, पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर, नाईट व्हिजनचा कॅमकॉर्डर, दोन वॉकीटॉकी. आवाजाचं रेकॉर्डिंग फोनवर.

पुरावे भरभरून मिळाले. दहाच्या सुमारास मागच्या खोलीत के-टूचे दिवे हिरव्यावरून पिवळ्यापर्यंत चढले आणि जवळपास वीस मिनिटं तसेच राहिले. मधे दोन-तीनदा लाल लागला, आणि एकदा तर "हो असेल तर दिवा लाव" म्हटल्याबरोबर लागला. रेम पॉड चार वेळा वाजला. स्पिरिट बॉक्समधून "बाई" आणि "जा" ऐकू आलं. इतरत्र १९ अंश दाखवणारा थर्मामीटर एका कोपऱ्यात १४.५ दाखवू लागला. कॅमेऱ्यात पांढरे गोळे तरंगताना दिसले.

अडचण नेमकी कुठे होती

दुसऱ्या दिवशी चित्रफीत पाहताना पथकातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या सदस्याने एकच हरकत घेतली. कुठलंही साधन चालू करण्याआधी त्या खोलीतली साधी, रोजची पातळी कोणी नोंदवलेली नव्हती. पाच माणसं, पाच चालू फोन आणि दोन वॉकीटॉकी असलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत "बदल" झाला म्हणायचा, तर तो कशाच्या तुलनेत?

मग भर दुपारी, त्याच खोलीत, साधनांचीच परीक्षा झाली.

के-टूला पाच दिवे असतात. पहिला चालू असल्याची खूण, दुसरा साधारण १.५ मिलिगॉसला (मिलिगॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), तिसरा २.५ला, चौथा १०ला आणि लाल २०च्या वर लागतो. म्हणजे तिसरा दिवा २.६लाही लागतो आणि ९.९लाही. शिवाय तो एकाच अक्षावर मोजतो. जागेवरच मीटर नव्वद अंशात फिरवला तर दिवे उतरतात, आणि हातात धरणाऱ्याला वाटतं की "ते" सरकलं. फोनच्या रेडिओ लहरींनीही तो चाळवतो. एक फोन फूटभर अंतरावर ठेवून कॉल लावला तर लाल लागत होता. जुन्या घडणीच्या के-टूचं बटण दाबून धरावं लागतं, म्हणून लोक त्यात नाणं अडकवतात. नाणं सैल झालं की दिवे लुकलुकतात. या पथकानेही नाणंच लावलेलं होतं.

रेम पॉड स्वतःच्या अँटेनाभोवती छोटंसं विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि त्यात काही शिरलं की वाजतो. वॉकीटॉकीचं बोलण्याचं बटण दोन मीटरच्या आत दाबलं की तो दर वेळी वाजला. रात्रीच्या चार आवाजांपैकी तीन आवाजांच्या वेळी चित्रफितीत कोणीतरी वॉकीटॉकीवर बोलत होतं.

स्पिरिट बॉक्स म्हणजे रेडिओची वारंवारता भराभरा, सेकंदाच्या दशांश-तृतीयांश टप्प्यांनी, बदलत जाणारं यंत्र. आकाशवाणी आणि खासगी एफएमचे मराठी-हिंदी तुकडे त्यातून येणारच. तो तुकडा पथकाबाहेरच्या तिघांना, आधी काही न सांगता, वेगवेगळं बसवून ऐकवला. "बाई" एकालाही ऐकू आलं नाही. उत्तरं आली "भाई", "आई" आणि "काही नाही, खरखर". ज्याला आधी सांगितलं जातं त्याला तेच ऐकू येतं.

गोळ्यांचं कारण त्याहून सोपं. कॅमकॉर्डरचा इन्फ्रारेड दिवा भिंगाला चिकटून असतो, म्हणून भिंगाजवळची धूळ झगझगते आणि फोकसमध्ये नसल्याने गोल दिसते. मातीच्या भिंतींच्या वाड्यात धुळीला काय तोटा!

एवढं झाल्यावरही तीन गोष्टी उरल्या. दिवे सलग वीस मिनिटं चढून राहिले होते, आणि त्याला एक कॉल पुरेसा नव्हता. कोपरा खरंच गार होता. आणि माडीवरची चाल तर पथकाने स्वतः ऐकली होती.

समोर असलेले पर्याय

मालकांचे जावई म्हणाले, आहे तीच चित्रफीत टाकू, "झपाटलेला वाडा" म्हणूनच बुकिंग येईल. पथकातल्या दोघांना हे पटतही होतं. पण मालकांनी नकार दिला. ज्या खोलीत दिवा मंद होतो तिथे पाहुण्यांना पैसे घेऊन झोपवायचं त्यांच्या मनाला पटेना.

दुसरा मार्ग होता अजून भारी साधनं आणण्याचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाशही टिपणारा फुल स्पेक्ट्रम कॅमेरा आणि काड्यांची माणसं दाखवणारा एसएलएस कॅमेरा. एसएलएस मुळात व्हिडिओ गेमसाठी बनवलेल्या, अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्यावर चालतो. समोरच्या आकारात माणूस शोधणं हेच त्याच्या प्रणालीचं काम, त्यामुळे खुंटीवरचा कोट आणि खुर्चीची पाठ यांतूनही तो माणूस उभा करतो. हा पर्याय लवकर बाद झाला. थर्मल कॅमेरा (तापमानातला फरक चित्रात दाखवणारा) एका दिवसासाठी भाड्याने आणावा असंही निघालं. भाडं जास्त म्हणून तेही सोडलं. ही चूक होती, त्याबद्दल पुढे.

इन्फ्रासाउंड, म्हणजे ऐकू न येणारा खालच्या वारंवारतेचा आवाज, मोजायचा विचारही झाला. ब्रिटनमधल्या कॉव्हेंट्रीचे अभियंते विक टँडी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेलं प्रकरण या क्षेत्रातल्या बहुतेकांना माहीत असतं. प्रयोगशाळेतल्या नव्या पंख्यामुळे सुमारे १९ हर्ट्‌झची, कानाला न जाणवणारी लाट उभी राहत होती, आणि शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळून धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना पाहून त्यांना तिचा माग लागला. इतक्या खालच्या वारंवारतेचे मायक्रोफोन पथकाच्या आवाक्यात नव्हते. पण त्या प्रकरणातली पद्धत फुकट होती : संशयित यंत्र बंद करा, पुन्हा चालू करा, फरक बघा. पथकाने तेवढीच घेतली.

ठरलं ते असं. भुताची म्हणून विकली जाणारी साधनं बाजूला ठेवायची, प्रत्येक तक्रारीसाठी एक प्रश्न लिहायचा आणि त्या प्रश्नाचं उत्तर देणारंच साधन आणायचं. चार रात्री. त्यातल्या तीन रात्री वाडा रिकामा आणि कुलूपबंद.

दुसरा संच आणि त्याची मांडणी

चुंबकीय क्षेत्रासाठी ट्रायफील्ड टीएफ-२. हा तिन्ही अक्षांवर मोजतो, आकडा दाखवतो आणि चुंबकीय, विद्युत आणि रेडिओ लहरी वेगवेगळ्या दाखवतो. फोनमुळे आकडा चढला की वायरिंगमुळे, हे त्यामुळे लगेच कळतं. त्यात नोंद साठत नाही, म्हणून एक जुना फोन फ्लाईट मोडवर टाकून मीटरच्या पडद्यासमोर चित्रण करत ठेवला. आधी दिवसा खोलीभर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खडूच्या खुणा करून, मेन स्विच चालू असताना आणि बंद असताना, प्रत्येक खुणेवरचा आकडा लिहून काढला.

तापमानासाठी ईएसपी-३२ या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला जोडलेले सहा डीएस१८बी२० सेन्सर. डेटाच्या तारेवर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो, तो विसरला तर सेन्सर दिसतच नाहीत. या सेन्सरांची अचूकता अर्ध्या अंशाची, म्हणजे दोन सेन्सरांत एक अंशाचा फरक कारण नसतानाही पडू शकतो. म्हणून सहाही सेन्सर आधी अर्धा तास एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवून त्यांचा आपसातला फरक नोंदवला आणि तो पुढे वजा केला. मग दोन गार कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर दूर, आणि बाकीचे खोलीत वेगवेगळ्या उंचीवर टांगले. इन्फ्रारेड थर्मामीटर हवेचं तापमान मोजतच नाही, तो पृष्ठभागाचं मोजतो, ही गोष्ट पहिल्या रात्री कोणाच्या लक्षात नव्हती. १२:१ प्रमाणाचा (अंतर : वर्तुळाचा व्यास) थर्मामीटर तीन मीटरवरून २५ सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी देतो. लेझरचा ठिपका ही नुसती दिशा. घासलेल्या पितळी घंगाळावर रोखला तर आकडा घंगाळाचा नसतोच, त्यात प्रतिबिंबित झालेल्या वस्तूंचा असतो.

आवाजासाठी दोन वेगळे रेकॉर्डर, एक माडीवर, एक माजघरात. डब्ल्यूएव्ही स्वरूप, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट. आवाजाची पातळी आपोआप वाढवणारी सोय बंद, कारण ती चालू असेल तर शांततेत यंत्र स्वतःच खरखर फुगवतं आणि त्या खरखरीत शब्द सापडतात. खालचे आवाज गाळणारी लो-कटची सोयही बंद. खाली फोमचा तुकडा. तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते, म्हणजे आठ तासांना पाच जीबी. मांडणी झाल्यावर सगळ्या कॅमेऱ्यांसमोर आणि रेकॉर्डरांजवळ एक मोठी टाळी, सकाळी परत एक. प्रत्येक यंत्राचं घड्याळ आपापल्या चालीने सरकतं, दोन टाळ्यांवरून ते जुळवता येतं.

याशिवाय ९४० नॅनोमीटरच्या दिव्याचे दोन ट्रेल कॅमेरे, म्हणजे हालचाल झाली की आपोआप टिपणारे. ८५० नॅनोमीटरचा दिवा अंधारात अंधूक लाल दिसतो, माणसाला आणि जनावरालाही. माडीच्या फळ्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. पीठ वापरायचं नाही, त्याला उंदीर येतात आणि आपणच नवा पुरावा तयार करतो. कुलपांवर सही केलेल्या चिकटपट्ट्या. आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म, कारण माजघराला लागून गॅस गीझर होता. अलार्म चारही रात्री शून्यावर राहिला.

चार रात्री

या चारांतल्या पहिल्या रात्री चाल नाही, वास कळायला माणूसही नाही. पण मीटरच्या चित्रणात ९.५२ला आकडा ०.४ मिलिगॉसवरून ७.२वर गेला आणि १०.१४ला परत उतरला. रेडिओ लहरींचा आकडा हलला नव्हता. रेकॉर्डरवर नेमक्या त्याच बावीस मिनिटांत बारीक घरघर होती. नळाला पाणी रात्री साडेनऊनंतर येतं. परसातली टाकी भरली की मोटर आपोआप चालू होऊन वरच्या टाकीत पाणी चढवते. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं आणि दिवा मंद होतो.

दुसऱ्या रात्री १.२०ला चाल ऐकू आली. दोन्ही रेकॉर्डरवर होती, माडीवरच्यावर बरीच मोठी. ट्रेल कॅमेऱ्यात काही नाही, पावडरीवर एक ठसा नाही. तपासणीतला सगळ्यात मोहाचा क्षण हाच होता. "आवाज आहे, शरीर नाही" असं लिहून मोकळं होता आलं असतं. पथकाने उलट विचार केला. पावडर अभंग असेल तर चालणारा फळ्यांवर नव्हताच. मग तो तक्तपोशीच्या वर, पोटमाळ्यात असेल. कॅमेरा चुकीच्या मजल्यावर होता.

तिसऱ्या रात्री दोन्ही कॅमेरे पोटमाळ्यात गेले. १.१२ला कौलाच्या सरकलेल्या जागेतून एक उदमांजर आत आलं, मागोमाग दुसरं. चार किलोच्या आसपासचं हे जनावर जुन्या फळ्यांवरून चाललं की खाली माणसाची चाल वाटते. आणि वासाचंही कोडं सुटत होतं. उदमांजराच्या अंगाला येणारा वास भाताला घालतात त्या अन्नपूर्णेच्या पानासारखा असतो. मलायात तर त्याला त्या पानावरूनच 'मुसांग पांडान' म्हणतात.

पण वास नोंदवणारं साधन पथकाकडे नव्हतं, म्हणून चौथ्या रात्री माणसं बसवली. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत, बोलायचं नाही, कॅमेरा बघायचा नाही, वास आला की फक्त वेळ लिहायची. एकाने १.४०, दुसऱ्याने १.४३ लिहिलं. सकाळी कॅमेऱ्यात जनावर १.३३ला आलेलं दिसलं.

त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, मोटरची चाचणी झाली होती. वायरमन परसात उभा राहून नाणं उडवी आणि छापा-काट्यावरून मोटर चालू किंवा बंद ठेवी. मागच्या खोलीतला सदस्य, कानात कापूस घालून, फक्त मीटर पाहून "चालू" किंवा "बंद" लिहीत होता. आठपैकी आठ बरोबर.

कारण आणि परिणाम

मोटरमुळे एवढं चुंबकीय क्षेत्र का, हा प्रश्न उरला होता. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) शेजारून जातात तेव्हा त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळपास खोडतात. वायरमनने मागच्या खोलीच्या भिंतीतून जाणाऱ्या दोन्ही तारा एकत्र क्लॅम्प मीटरमध्ये (तारेभोवती धरून प्रवाह मोजणाऱ्या) धरल्या. तिथे शून्य यायला हवं होतं, आले ५.१ अँपिअर. दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी मोटरचा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटवरून उसना घेतला होता. प्रवाह या भिंतीतून जात होता आणि घराला वळसा घालून परत येत होता. एका तारेचा हिशोब सोपा आहे : अँपिअरची दुप्पट भागिले तारेपासूनचं अंतर (मीटर या एककात), उत्तर मिलिगॉसमध्ये. २ × ५.१ ÷ १.४ म्हणजे ७.३. मीटरवर ७.२ होते.

गार कोपरा खरा होता, पण गारवा हवेत नव्हता. तिथल्या दोन्ही सेन्सरांचं तापमान खोलीसारखंच होतं, गार होती ती भिंत. वरच्या टाकीकडे जाणारा पाइप झिरपत होता, चुन्याची भिंत ओली होती आणि ओल उडताना भिंत थंड पडत होती. त्याच ओल्या भिंतीत ती तार. मेगरवर (तारेचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्रावर) ५०० व्होल्टला इन्सुलेशन ०.०८ मेगाओहम भरलं, किमान १ तरी हवं. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नव्हतीच. या वाड्यात पाहुण्यांच्या जिवाला खरा धोका हाच होता.

पथकाने अहवालात एक गोष्ट मुद्दाम लिहिली नाही, आणि ते योग्यच झालं. "चुंबकीय क्षेत्रामुळे पाहुण्यांना भास होत होते" असं वाक्य त्यात नाही. सात मिलिगॉस म्हणजे सर्वसामान्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या (२०१०च्या निकषांनुसार २००० मिलिगॉस) जवळपासही नाही. लंडनमध्ये क्रिस्तोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी विद्युतचुंबकीय क्षेत्र आणि इन्फ्रासाउंड मुद्दाम निर्माण करून केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही चमत्कारिक अनुभव बऱ्याच जणांना आले, पण यंत्रं चालू असण्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. के-टूच्या दिव्यांचं कारण सापडलं म्हणजे पाठीशी कोणी उभं असल्याच्या भावनेचं कारण सापडलं, असं होत नाही.

वायरिंग बदललं, आरसीसीबी बसली, पाइप दुरुस्त झाला. उदमांजर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पिंजरा लावता येत नाही. वनखात्याला विचारून, पोटमाळ्यात पिल्लं नाहीत याची दोन रात्री कॅमेऱ्याने खात्री करून, ती बाहेर गेलेली असताना कौलं बसवली आणि जाळी मारली. चाल आणि वासाच्या तक्रारी थांबल्या. मागच्या खोलीत "कोणीतरी आहे" असं म्हणणारे दोन पाहुणे त्यानंतरही निघाले. मालकांनी आता ती खोली नुसती गाद्या-उशा साठवायला ठेवली आहे. आत्यांना सगळं समजावून सांगितलं, त्यावर त्या म्हणाल्या, "मग मी काय सांगत होते, झोपू नका म्हणूनच ना?"

वेगळं काय करता आलं असतं

वायरमन चौथ्या रात्रीऐवजी पहिल्या सकाळी यायला हवा होता. दिवा मंद होतो ही तक्रार हातात असताना पाच माणसं त्या ओल्या भिंतीला टेकून रात्रभर बसली. गॅस आणि वीज यांची तपासणी झाल्याशिवाय माणसं आत बसवायची नाहीत, हा क्रम नंतर पथकाने छापील तक्त्यात पहिल्या ओळीवर टाकला.

थर्मल कॅमेऱ्याचं भाडं वाचवण्यात दोन रात्री गेल्या. तो भिंतीपलीकडचं दाखवत नाही आणि काचेतूनही पाहू शकत नाही, पण ओला कोपरा दिवसाढवळ्या मिनिटात दिसला असता, आणि चौकात उभं राहून कौलांवर रोखला असता तर उबदार जनावर आत शिरतानाही सापडलं असतं.

ट्रेल कॅमेरे चारपैकी पहिल्या रात्री माणसाच्या छातीच्या उंचीवर, बोळाच्या लांबीत रोखलेले होते. त्यांचा सेन्सर समोरून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं लवकर टिपतो. शोधणाऱ्याच्या मनात माणूस होता, म्हणून कॅमेऱ्याची उंचीही माणसाचीच आली.

एक नोंद अजून उघडी आहे. तिसऱ्या रात्री २.४७ला माजघरातल्या रेकॉर्डरवर एकच, सुमारे सेकंदभराचा, घशातून आल्यासारखा आवाज आहे. पोटमाळ्यातल्या कॅमेऱ्यांत त्या वेळी काही नाही. माडीवरचा रेकॉर्डर दोनच्या आधी बंद पडला होता. झपाटलेल्या जागी बॅटऱ्या उतरतात असं म्हणतात. इथे चार्ज केलेले सेल ट्रेल कॅमेऱ्यांत घातले गेले होते आणि रेकॉर्डरमध्ये गावच्या दुकानातले साधे कार्बन-झिंक सेल. दुसरा रेकॉर्डर चालू असता तर आवाज वरून आला की खालून, एवढं तरी सांगता आलं असतं. तक्त्यात त्या ओळीपुढे "अनिर्णित, सेल चुकीचे" असं लिहिलेलं आहे.